साडेतीनशे वेळा मेलेला माणूस

माझ्या नवऱ्याचा धंदा पडण्याचा होता. हसू नका. कुणाचा नवरा बँकेत असतो, कुणाचा दुकानात, माझा पडायचा. सिनेमात हिरोने ठोसा मारला की जो टेबल मोडून मागे जातो, ज्याचं तोंड कुणी बघत नाही, तो हा. जिन्यावरून, गच्चीवरून, चालत्या ट्रकमधून. शेवटच्या पाट्यांत नाव आलंच तर तोवर निम्मं थेटर रिकामं झालेलं असायचं.

पडायला त्याला बापाने शिकवलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मग गेलेल्या माणसाने असताना तसं वागायला नको होतं. सासरे प्यायचे आणि पट्ट्याने फोडून काढायचे. हा धाकटा, अंगाने काडी. सातव्या-आठव्या वर्षी याला एवढं कळलं, की पट्टा बसायच्या आधीच पडलं तर निम्मा लागतो, आणि ओरडून पडलं तर मारणाराच दचकतो. थोरल्याला, म्हणजे माझ्या दिरांना, हे कधी जमलं नाही. ते उभं राहून मार खायचे. पंधराव्या वर्षी त्यांनी बापाच्या डोक्यात स्टूल घातलं. सात टाके पडले, आणि त्यानंतर त्या घरात पट्टा कमरेवरून खाली आला नाही.

एकाला पडता यायचं, दुसऱ्याला पाडता यायचं. दोघांनी तेच विकायला काढलं. पंधरा वर्षं जोडीने काम केलं, दादा मारणार आणि हा पडणार. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली पडायला हा तयार नसायचा. म्हणायचा, "दादाचा हात मला आतून माहीत आहे." लग्न झाल्यापासून मीही त्यांना दादाच म्हणत आले. मधली आठ वर्षं सोडून. त्या आठ वर्षांत मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे सांगत बसले तर माझं पार्लर बंद पडेल.

पार्लर माझं घराच्या पुढच्या खोलीत आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात टीव्ही. भुवया, फेशियल, केस. तोंड माझं फटकळ आहे, पण हात हलका आहे, म्हणून गिऱ्हाइकं टिकून आहेत.

तर ते व्हिडिओ गेमचं काम आलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. काचा नाहीत, आग नाही, गाड्या नाहीत. एका मोठ्या गोदामात भिंतींवर गोल कॅमेरे लावलेले. अंगाला चिकटलेले काळे कपडे घालायचे, आणि त्यावर बोराएवढे पांढरे गोळे, मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर, सगळीकडे. कॅमेरे माणूस बघत नाहीत, फक्त गोळे बघतात, आणि त्यावरून कॉम्प्युटरमधला माणूस हलतो. गोळे वेल्क्रोने लावलेले, आणि सारखे सुटायचे. एक गोळा पडला की सगळा टेक बाद, मग डायरेक्टर आईमाईवरून सुरू व्हायचा. गेम मारामारीचा. बांधकाम चाललेली एक उंच इमारत, तिच्यात शिरून हिरोने एकेका गुंडाला उडवायचं. दादा हिरो. सगळेच्या सगळे गुंड हा.

आता त्यांच्या कामातला एक नियम सांगते, तो नीट ऐका. दादांनी याला छातीच्या पट्ट्याला धरून कठड्याबाहेर लटकवायचं. खाली जाड गादी. उंचावर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तोंडाने काही सांगायचं नाही. पडणाऱ्याने श्वास घेतला, अंग तयार केलं, की धरणाऱ्याच्या मनगटावर दोन टपल्या द्यायच्या. टपल्या मिळाल्याशिवाय हात सोडायचा नाही. आणि मिळाल्या की क्षणभरही थांबायचं नाही, कारण अंग एकदा तयार केलेलं टिकत नाही. पंधरा वर्षं दोघांचं हे असंच चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत दोघांचं वाजलं. कारण सासूबाईंचं औषधपाणी, कोणी नेलं, कोणी नाही नेलं. बोलता बोलता हा दादांना म्हणाला, "तू अगदी बाबांसारखा झालायस." दादांनी याच्या कानाखाली अशी काढली की हा बाकावरून खाली गेला, आणि त्या दिवशी मुद्दाम पडला नव्हता. दहा-बारा जणांनी बघितलं. डायरेक्टरने दोघांना पाणी पाजलं आणि कामाला लावलं.

दुपारी दादांनी याला कठड्याबाहेर धरलं. खाली गादीवाले गादी सरकवत होते, कारण तिच्या कडेमुळे कॅमेऱ्यांना खालचे गोळे दिसत नव्हते. गादी अजून अर्ध्यावर होती आणि दादांनी हात सोडला.

निम्मा हा गादीवर पडला, निम्मा फरशीवर. खुब्याचा चुरा, मांडीचं हाड दोन ठिकाणी, पाठीचे दोन मणके. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते, "मी टपली दिली नव्हती." दादा म्हणाले, दिली होती. दोघांतला एक खोटं बोलत होता आणि सकाळची थप्पड सगळ्यांनी पाहिलेली होती. कंपनीने चौकशी केली, कॅमेऱ्यांत फक्त गोळे दिसतात, कुणाच्या मनातलं दिसत नाही, असं लिहून कागद मिटवला.

दादा हॉस्पिटलात आले तेव्हा मी दारातच होते. ते म्हणाले, "पोरी, आईची शपथ, दिली होती त्याने." माझ्या हातात चहाचा थर्मास होता. लोखंडी, जुना, भरलेला. मी तो त्यांच्या तोंडावर घातला. एकदा नाही. वरचे दोन दात पडले, ओठ नाकापर्यंत फाटला, आणि त्या माणसाने हात वर केला नाही. मला लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा माझ्या पोळलेल्या हाताला त्यांचं रक्त लागलेलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

अकरा महिने हा बिछान्यावर. मी त्याला उलटवलं, पुसलं, भरवलं, आणि रोज त्याच्या भावाच्या नावाने बोटं मोडली. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. त्यांच्यापाशीही दोघं एकदम उभे राहिले नाहीत, आधी मी याला धरून नेलं, मग आम्ही निघाल्यावर ते आले. ती कंपनी बुडाली. गेम आला आणि गेलाही म्हणे, कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. हा पुढे काठीवर चालायला लागला. आता एका पार्किंगच्या फाटकावर बसतो, दांडा वर करतो, दांडा खाली करतो.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी फोन आला. अनोळखी नंबर. मी उचलला. पलीकडून दादा म्हणाले, "रविवारी येतोय. अकराला. छोट्याला सांग." आणि ठेवला. आठ वर्षांनी एवढंच.

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी याने माळ्यावरून आपला जुना वॉकर काढला, करवतीने त्याचा एक पाय कापला आणि आत वाळू भरून दोन्ही तोंडं ठोकून बंद केली. म्हणाला, "ज्या हाताने सोडलं तो हात. बाकी कुठे लावणार नाही. फक्त हात." मागच्या अंगणात त्याने जुन्या गादीची वळकटी टेबलाला बांधली आणि रोज कामावरून आला की तिच्यावर सराव करायचा. काठीवर डावा भार आणि उजव्या हाताने धप्प, धप्प. पुढे माझ्या खुर्चीत बाया डोळ्यांवर काकडी ठेवून पडलेल्या. एक म्हणाली, "अगं, मागे काय चाललंय?" मी म्हटलं, "गादी झोडतायत, ढेकूण झालेत."

मी त्याला अडवणार नव्हते, हे इथेच सांगून टाकते. पोलीस येतील, त्याला नेतील, हे सगळं मला दिसत होतं. तरी शुक्रवारी मीच त्याला म्हटलं, "पकड जरा खाली घे, हात सरकतोय तुझा."

शनिवारी दुपारी दातवाली आली. ही माझी जुनी गिऱ्हाईक, दाताच्या डॉक्टरकडे कामाला. लोकांच्या तोंडात दिवसभर नळी धरून उभी असते आणि स्वतःचं तोंड माझ्याकडे येऊन मोकळं करते. तिला एक नाद आहे, टीव्हीला जोडायच्या जुन्या मशिनवरचे व्हिडिओ गेम. तेही गाजलेले नाहीत. आपटलेलेच. नवीन मशीन बाजारात आलं की जुन्याला कुत्रं विचारत नाही, मग ही त्याच्या सीड्या रद्दीच्या भावात उचलते आणि एकेक शेवटपर्यंत खेळते. म्हणते, गाजलेल्या पोरीला सगळेच मागणी घालतात, मी नाकारलेल्या बघते. एकदा महिनाभर तिने मला दीपगृहाच्या राखणदाराचा गेम सांगितला होता, त्यात म्हणे कुणी मरतच नाही, नुसतं तेल घालायचं. मी ऐकून घेते, भुवया करताना माणूस हलला नाही म्हणजे झालं.

त्या दिवशी ती दोऱ्याखाली डोळे मिटून सांगत होती. "मिळाला एक हिरा. आठ वर्षांपूर्वीचा. त्याच आठवड्यात एक मोठा गेम आला होता, त्यामुळे याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. जड आहे, रटाळ आहे, हिरो म्हशीसारखा वळतो. पण मारामारी! दुसऱ्या गेममध्ये माणसं पोत्यासारखी पडतात गं. यात पडणारा माणूस घाबरतो. बघवत नाही. साडेतीनशे गुंड आहेत, प्रत्येकाला इमारतीच्या कडेला नेऊन लटकवायचं आणि सोडायचं."

माझा हात थांबला नव्हता. मी म्हटलं, "मग?"

"मग गंमत अशी, की प्रत्येक गुंड पडायच्या आधी हिरोच्या मनगटावर दोनदा थोपटतो. साडेतीनशेच्या साडेतीनशे. हा गेम आवडणारे आम्ही जगात असू शंभरेक जण, आमच्यात त्यावर भांडणं होतात. कुणी म्हणतं, तो दया मागतोय. मला वाटतं, तो हिरोला माफ करतोय."

दोरा सटकला. तिची निम्मी भुवई माझ्या हातात आली. ती किंचाळली, आणि मी तिला म्हटलं, "ऊठ. जा. ती सीडी, ते मशीन, काय असेल ते घेऊन ये. आत्ता." माझा अवतार बघून ती अर्ध्या भुवईने पळत गेली.

दार लावून घेतलं. तिने वायरी जोडल्या. टीव्हीवर विटा, सळया, उघडे मजले दिसायला लागले, आणि एका खांबामागून एक टकला, गालावर वण असलेला गुंड चालत आला. तोंड कुणाचंतरी भलत्याचंच. पण चाल याची. डावा खांदा जरा पुढे, टाचा आधी टेकवत. माझ्या नवऱ्याला मी आठ वर्षांत सरळ चालताना बघितलं नव्हतं. मला रडू फुटलं. दातवालीला काही कळेना. मी म्हटलं, "मारू नकोस त्याला, जरा चालू दे."

मग म्हटलं, मार.

तिने त्याला गुद्दे घातले, डोकं खांबावर आपटलं, फरफटत कडेला नेलं. हिरोने त्याला छातीला धरून बाहेर काढलं. गुंडाचा हात वर आला. हिरोच्या मनगटावर एक, दोन. हात सुटला. आणि पडताना त्याचं अंग आकसलं, तोंड वळलं, डावं कोपर वर गेलं. सरावाचं पडणं मला ओळखू येतं, शंभर वेळा बघितलंय. हे ते नव्हतं. त्या मेल्यांनी तोच टेक घेतला होता. फरशीवर पडायच्या आधीचा, खरा. तोच गेममध्ये घातला आणि साडेतीनशे जणांना वाटून दिला.

आणि टपल्या होत्या. दोन. स्पष्ट.

पहिल्यांदा मला राग आला तो नवऱ्याचा. आठ वर्षं! आठ वर्षं माझ्या हातचं खाऊन हा माणूस माझ्याशी खोटं बोलला! मी मागे गेले, तो गादीवर पाइप घालतच होता, त्याची काठी ओढली आणि त्याला अक्षरशः खेचत पुढे आणलं. "बघ. बघ, मेल्या. काय आहे हे?"

त्याने बघितलं. म्हणाला, "हे कॉम्प्युटरने घातलंय."

दातवाली म्हणाली, "काका, कॉम्प्युटरने घालायचं असतं तर त्यांनी साडेतीनशे जणांना एकच मरण दिलं नसतं." आणि पुन्हा मारलं. पुन्हा. पुन्हा. एक गुंड, दुसरा गुंड, चाळिसाव्या मजल्यापर्यंत. दर वेळी एक, दोन, आणि खाली. हा ओरडत होता, "नाही दिली मी! गादी सरकत होती, मला दिसत होती ना, मी कशाला देईन!" त्याने पाइप उचलला तेव्हा मला वाटलं, टीव्ही गेला.

दातवालीने तेवढ्यात खेळ थांबवला. त्या गेममध्ये थांबवून कॅमेरा हवा तिकडून फिरवता येतो, तिने तो हिरोच्या पाठीमागून मनगटाजवळ आणला. आणि एकेक पाऊल पुढे नेलं. टपली तळव्याने देतात. इथे तळवा टेकलाच नव्हता. नुसता अंगठा. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, एकाच जागी, दोनदा दाबलेला.

याचा आरडाओरडा बंद झाला. त्याने स्वतःचा हात वर केला आणि हवेतच अंगठा दोनदा दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गोळा."

"काय?"

"दादाच्या मनगटावरचा गोळा सुटत आला होता. पडला असता तर टेक गेला असता. मी चिकटवला." अंगठ्याकडे बघत म्हणाला, "दिवसभर एकमेकांचे चिकटवायचो आम्ही. हाताला सवयच लागली होती. मला आठवलंच नाही गं." आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडला. दातवाली वायरी न काढताच निघून गेली, पोरगी शहाणी आहे.

रविवारी अकराला दादा आले. मी दार उघडलं आणि मला आधी ओळखूच आले नाहीत. दारात मावायचे नाहीत असे होते ते, आता सदऱ्यात हरवले होते. ओठावर माझ्या थर्मासचा वण. उजवा हात खिशात. आत येऊन त्यांनी खोली बघितली, भिंतीला टेकवलेला पाइप बघितला, आणि मान हलवली. म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं, तू विसरलास."

हा उठायला लागला, "दादा, आधी ऐक..."

"तू ऐक. दोन वर्षं मी म्हणत होतो टपल्या दिल्यास. मग म्हटलं, सगळे म्हणतात नाही दिल्या, छोट्या म्हणतो नाही दिल्या. सकाळी राग होता माझ्या मनात. मलाच सोडायचं असेल, म्हणून टपल्या लागल्यासारखं वाटलं असेल. बाबांचंच रक्त ना." आणि त्यांनी खिशातला हात काढून माझ्या कंगव्यांच्या, क्रीमच्या बाटल्यांच्या मध्ये टेबलावर ठेवला. "कोल्ड स्टोरेजला होतो कामाला. तिथलं लोखंडी दार सहा माणसं ओढतात. चार वर्षांपूर्वी मीच घातला मध्ये. वाटलं, फिटेल. नाही फिटलं. म्हणून आलो. उरलंय ते तू तोड."

तो हात होता म्हणायचं. मधली तीन बोटं एकमेकांत वितळल्यासारखी, नखं नाहीत, तळवा चपटा. अंगठा आणि करंगळी तेवढी हलत होती.

माझ्या नवऱ्याने पाइप उचलला आणि बापजन्मात ऐकलं नव्हतं असं ओरडला. पाइप आरशात गेला. भिंतभर आरसा खाली आला, बाटल्या फुटल्या, दादांच्या कपाळाला काच लागून रक्त यायला लागलं आणि ते जागचे हलले नाहीत, डोळे मिटून हात तसाच टेबलावर. वाट बघत होते. त्यांना अजून वाटत होतं, पुढचा घाव हातावर आहे.

मी टीव्ही लावला. दुसरं काही सुचलं नाही. दादांच्या हातात खेळायचा रिमोट दिला, तो दोन्ही हातांनी धरायचा असतो, तो त्यांच्या हातातून पडला. मग मीच घेतला. कालपासून मला जमायला लागलं होतं. काचांच्या खचात उभं राहून मी दिरासमोर माझ्या नवऱ्याला मारलं. खांबावर आपटलं, फरफटत नेलं, कडेला धरलं.

"मनगटाकडे बघा, दादा," मी म्हटलं. आठ वर्षांनी दादा म्हटलं.

एक, दोन.

दादा पुढे वाकले. मी आणखी एकाला मारलं. आणखी एकाला. सहाव्याला ते म्हणाले, "दिल्यास की रे." आवाज अगदी लहान.

"गोळा चिकटवत होतो," हा म्हणाला. "तुझा गोळा सुटला होता, दादा. मला आठवत नव्हतं. मी खोटं नाही बोललो रे."

"मीही नाही बोललो."

"नाही बोललास."

दादांनी कपाळावरचं रक्त पुसलं. पडद्यावरचा हिरो रिकाम्या कडेला उभा होता. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ही सीडी कधीची?"

"तेव्हाचीच," हा म्हणाला. "दुकानांत पडून होती. कुणी घेतली नाही."

आता मला गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण तो हात समोर होता. मी म्हटलं, "आपल्याला आली होती. पाचव्या महिन्यात. कंपनीने कुरियरने पाठवली होती, दोघांची नावं लिहून, आभाराचं पत्र घालून. मशीनही पाठवलं होतं, बघता यावं म्हणून. मशीन मी भंगारवाल्याला दिलं. सीडी गुडघ्यावर मोडली. तू झोपला होतास."

माझा नवरा बोटं मोजावीत तसा हिशेब करत होता. पाचवा महिना. तेव्हा दादांचा हात चांगला होता. त्यानंतरही साडेतीन वर्षं चांगलाच होता.

लग्नाला अठरा वर्षं झाली. बापाचा पट्टा खाल्लेला माणूस, त्याने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला. मला तो येताना दिसला आणि मी हलले नाही, यायलाच हवा होता. दादा मध्ये आले. त्यांनी त्याचं मनगट धरलं, त्याच हाताने, सवयीने.

अंगठा आणि करंगळी. मनगट त्यातून निसटलं आणि थप्पड मला बसली. कानात शिट्टी वाजली, मी खुर्चीवर आदळले. हा स्वतःच घाबरून दोन पावलं मागे गेला.

दादा माझ्याकडे बघत नव्हते, त्याच्याकडेही बघत नव्हते. आपला हात उलटासुलटा करून बघत होते.

"धरला होता गं, पोरी," ते म्हणाले. "सुटला."